दोघांचं वजन पेलणारं जाकीट

दिराने ते जाकीट आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं तेव्हा मी एका ब्लाउजला हूक लावत होते. काळं, जाडजूड, चकचकीत. त्याला नळ्या, पट्ट्या, बकलं, कड्या, काय काय लोंबत होतं. मी त्याला म्हटलं, मशीनवरून काढ ते, कापडाला डाग पडेल. नवंकोरं आहे, डाग कसला पडतो, असं म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं.

"वैनी, पोरीच्या मापाचं करून द्या," तो म्हणाला. "दोन्ही कडांनी चार चार बोटं आत घेतली की बसंल."

पोरगी म्हणजे माझी नात. मुलाची मुलगी. ती तेव्हा मालवणला होती आणि आठवड्याभरात परत यायची होती.

आमचं घर दहिवलीला, नदीच्या अंगाला. मी चौथी शिकले आणि पुढे शिवण शिकले. बायकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, अलीकडे कळंबकडच्या रिसॉर्टांचे पडदे, असं शिवत आले. आमच्या घरचे पुरुष नदीत आणि धरणात मासे मारायचे, आणि कुणी बुडालं की त्याला काढायचे. कर्जत-खालापुरात डोह, धबधबे, धरणं पुष्कळ, आणि तिथे बाहेरून येऊन उड्या मारणारी पोरंही पुष्कळ. पोलिसांचा फोन दिराला येतो. मग तो चार जणांना हाक मारतो. कमरेला दोरी बांधायची, पोटाशी मोठा दगड धरायचा आणि उडी टाकायची. दगड सरळ तळाला नेतो. हाताने चाचपायचं, दम संपत आला की दगड सोडायचा आणि वर यायचं. सापडलं तर दोरीला दोन हिसके द्यायचे. या कामाचा पैसा घ्यायचा नाही, बुडालेल्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. माझ्या सासऱ्यांनी असंच केलं, नवऱ्याने असंच केलं. नवरा तापाने गेला, पाण्याने नाही.

मुलगा पाण्याने गेला. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, खालापूरच्या बाजूच्या एका धरणात. मुंबईचा एक मुलगा बुडाला होता, त्याला शोधायला तो दगड घेऊन उतरला. तळाला कुणीतरी टाकून दिलेलं जुनं जाळं होतं. त्यात त्याचा पाय गुंतला आणि पाय सोडवायला गेलेला हातही गुंतला. काठावरच्यांनी दोरी ओढली, ती येईना. दिरानेच खाली जाऊन त्याला वर आणलं. ज्याला शोधायला गेला होता तो मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप वर आला.

मला रडू आलं नाही. बायकांनी माझ्या पाठीत बुक्के मारले, रड म्हणाल्या, आत साठवू नको. आत काही साठलेलं आहे असं मला वाटत नव्हतं. तेरावं झाल्यावर मी मशीनवर बसले, कारण लग्नसराईचे ब्लाउज पडून होते आणि ज्यांची लग्नं होती त्यांचा काही दोष नव्हता. लोक म्हणाले, बाई घट्ट काळजाची आहे. असेन. अजूनही रडू आलेलं नाही. जेवते, झोपते, सुईत दोरा ओवते. चष्मा लागतो, बाकी काही नाही.

त्या मुंबईच्या मुलाचे वडील एकदा घरी आले होते. दारातल्या खुर्चीवर बसले. मी चहा केला, त्यांनी घेतला. मी त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनीही मला काही सांगितलं नाही. नंतर त्यांनीच आमच्या लोकांच्या गटाला पाण्याखाली उतरायचं सगळं सामान घेऊन द्यायचं ठरवलं. हवेची टाकी, तोंडात धरायची नळी, चष्मा, आणि हे जाकीट.

नातीचं असं, की बापाला वर्ष झाल्यावर ती कॉलेज सोडून मालवणला गेली. तिथे पर्यटकांना टाकी लावून समुद्र दाखवतात. तिने ते काम शिकून घेतलं, परीक्षा दिल्या, हरवलेली वस्तू पाण्याखाली कशी शोधायची त्याचं वेगळं शिक्षण घेतलं. शेवटी फोनवर म्हणाली की मी परत येतेय, आबांच्या गटात काम करणार. आबा म्हणजे माझा दीर, तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. सून कळंबला एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, आठवड्यातून एकदा घरी येते. ती मला म्हणाली, "आई, तुमीच सांगा तिला." मी काही सांगितलं नाही. मला ती पाण्यात उतरायला नको होती. पण हे मी कुणाजवळ बोलले नाही, कारण बोलून उपयोग झाला असता असं मला वाटत नव्हतं.

तेव्हा ते जाकीट. नातीने आबाला फोनवर आपलं माप कळवलं होतं. पण आबा गटातल्या दोघांना घेऊन दुकानात गेला आणि सगळ्यात मोठं घेऊन आला. त्याचं म्हणणं, मोठं घेतलं की कुणालाही होईल. शाळेचा गणवेश नाही का आपण वाढत्या अंगाचा घेत, असं त्याने मलाच सांगितलं. आणि दुसरं, दुकानदाराने सांगितलं होतं की या जाकिटात हवा भरते आणि ते माणसाला पाण्यात वर उचलून धरतं, कुठलं जाकीट किती वजन उचलेल ते ठरलेलं असतं. ते ऐकून दिराने सांगितलं की आम्हाला दोन माणसांचं वजन पेलणारं द्या. एक जिवंत आणि एक मेलेलं. दुकानदाराने यातलं नीट काय ऐकलं कोण जाणे. त्याने सगळ्यात जास्त वजन उचलणारं काढून दिलं.

दीर गेल्यावर मी जाकीट उलटंपालटं करून पाहिलं. कापड चांगलं होतं, शिवण दुहेरी होती. आतून हात घातला तर बोटांना दुसरी एक पिशवी लागली, रबरासारखी. ती आतल्या आत सगळीकडे फिरलेली होती, दोन्ही कुशीतून पाठीपर्यंत. म्हणजे कुठेही सुई घातली की पिशवीला भोक. मी सुई परत डबीत ठेवली. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहिते. मनात आलं, बरं झालं. हे हिला होणार नाही, आणि लहान करताही येणार नाही.

नात आली. सकाळी आम्ही सगळे मागच्या डोहावर गेलो. दीर होता, त्याची दोन माणसं होती. नातीने टाकी पाठीला लावली, जाकीट घातलं, पट्ट्या जितक्या आवळता येतात तितक्या आवळल्या. खांद्याला हाताचा पंजा जाईल एवढी फट राहिली. ती पाण्यात शिरली आणि गळ्याइतक्या पाण्यात जाऊन तिने बटण दाबून हवा भरली.

जाकीट वर आलं आणि ती खाली राहिली. दुसरं कसं सांगू. लहान पोराला बापाचा सदरा घालून सदरा खांद्याला धरून उचलावा, तसं झालं. कॉलर कानांपर्यंत आली, हात आडवे झाले, हनुवटी आत गेली आणि तोंड पाण्याला टेकलं. ती हसली आणि पाणी तोंडात गेलं. मग तिने हवा सोडली आणि ती काठाला आली.

"वैनी आत घेतील मग बसंल," दीर म्हणाला.

"नाय बसायचं," मी म्हटलं. "आत हवेची पिशवी हाय. सुई लागली की सगळं फुस."

"मग पट्ट्या आणखी आवळा."

"आबा, आवळून बघितल्या की," नात म्हणाली. "आणखी आवळल्या तर हवा भरल्यावर छाती दाबते. श्वासच घेता येत नाय."

दिराला तिचं हे बोलणं आवडलं नाही. त्याच्याबरोबरची दोन माणसं बघत होती. तो म्हणाला, "तुज्या बापानं दगड घेऊन बुडी मारली. त्याला काय जाकीट होतं?"

 नातीने मान खाली घालून पायातले मोठे रबरी पंखे काढायला घेतले.

"नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तर तो नाय."

दीर तसाच उठून घरी गेला.

त्या संध्याकाळी जेवताना नातीने मला सगळं नीट समजावून सांगितलं. एरवी ती मला असलं काही सांगत नाही. तिचं म्हणणं, मोठ्या मापापेक्षाही आबांची दुसरी चूक वाईट आहे. या जाकिटाने मढं वर आणायचं नसतं. जाकीट फक्त स्वतःला पेलायला असतं. तळाला दोघांना पुरेल एवढी हवा भरली, आणि वर येताना मढं हातातून निसटलं, तर ती एकटी बाटलीच्या बुचासारखी वर फेकली जाणार. आणि तसं झपाट्याने वर येण्यात मरण आहे. टाकीतली हवा घेतलेली असते, ती वर येताना छातीत फुगते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटतं.

मी विचारलं, वर येताना? खाली जाताना नाही?

"वर येताना, आजे. वर सावकाशच यायचं असतं."

आमच्या घरी सगळ्यांना खाली जाण्याचीच भीती होती. वर आला म्हणजे सुटला, अशी आमची समजूत. तिने भात कालवता कालवता मला हे सांगितलं आणि वर म्हणाली की मढ्यासाठी वेगळी पिशवी मिळते. ती मढ्याला बांधायची, तिच्यात हवा सोडायची, ती आपली एकटी वर जाते. मी तिला विचारलं, हे तू आबाला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, सांगितलं होतं फोनवर, आबा म्हणाले मालवणचं मालवणात ठेव.

यानंतर तीन दिवस मी गप्प बसले. दीर गप्प होता, त्याला राग आला होता. नात गप्प होती, ती मशीनच्या खोलीत जाकीट घेऊन बसायची. मी ब्लाउज शिवत होते. मला ठाऊक होतं की मी काहीच केलं नाही तर जाकीट असंच पडून राहील, आणि जाकीट पडून राहिलं तर ती राहील. सून सोमवारी आली, तिने जाकीट बघितलं, मला विचारलं की कधी दुरुस्त होणार. मी म्हटलं, होत नाही ते. तिला बरं वाटलेलं दिसलं. तिने त्या दिवशी गोडाचं म्हणून सांदण केलं.

चौथ्या दिवशी मी दुपारी भाजी घेऊन घरी आले तर नात आरशासमोर उभी होती. जाकीट घातलेलं. त्याच्या पाठीमागच्या कडीला तिने माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती, ती दोन्ही पायांमधून पुढे आणून पोटावरच्या कडीला गाठ मारली होती, म्हणजे जाकीट वर सरकणार नाही. खांद्याच्या फटीत तिने दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या कोंबल्या होत्या.

मी भाजी ठेवली. म्हटलं, हे काय.

"फोन आला तर जायला लागंल ना," ती म्हणाली.

"अशी?"

"अशीच."

लुगड्याची पट्टी पाण्यात फुगते, सैल होते, तिचे धागे सुटतात. सुटलेला धागा कशातही गुंततो. हे मला कुणी सांगायला नको होतं. मी तिला कात्री दिली आणि पट्टी कापायला लावली. मग चप्पल घालून दिराच्या घरी गेले आणि त्याला सांगितलं की उद्या टेंपो काढ, जाकीट बदलून आणायचं. तो म्हणाला की नदीत भिजवलेलं दुकानदार परत घेणार नाही. मी म्हटलं, ते मी बघते. तो म्हणाला, "तुमाला काय कळतं त्यातलं?" मी म्हटलं, पाण्यातलं नाही कळत, मापातलं कळतं.

दुकान पनवेलच्या पुढे, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढायला मला वेळ लागला. दुकानदार पन्नाशीचा असेल, स्वतः बुड्या मारणारा. मी जाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की हे आम्ही पाण्यात घालून पाहिलं आहे, गोड्या पाण्यात, आणि हे चुकीचं आहे. तो दिराकडे बघून म्हणाला की यांनीच मागितलं होतं. मी म्हटलं, यांनी मागितलं, तुम्ही दिलंत, घालणारीला कुणी विचारलं नाही. तो जरा वेळ जाकीट तपासत राहिला, मग म्हणाला ठीक आहे.

"आजी, तुम्ही उतरणार का पाण्यात?" त्याने चेष्टेने विचारलं.

"मी उतरले तर तुमचं दुकान बंद पडंल," मी म्हटलं. "हिला उभी करा आणि मापं दाखवा."

माझ्या पिशवीत माझी टेप होती. मी नातीला पाठमोरी केली, मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत माप घेतलं, मग छाती, मग छातीखाली. तिची पाठ आखूड आहे, बापासारखी. पुरुषाचं लहान मापाचं जाकीट तिला रुंदीला बसलं असतं पण लांबीला खाली कमरेवर टेकलं असतं. दुकानदाराने ते मान्य केलं आणि बायकांच्या मापाची वेगळी काढून आणली. तिला आधी आतला जाड रबरी पोशाख घालायला लावला. ते बरोबर होतं. ज्या कपड्यावर घालायचं त्याच्यावरच माप घ्यायचं असतं.

पहिलं त्याने दाखवलं त्यात हवेची पिशवी फक्त पाठीमागे होती. समोर नुसत्या पट्ट्या. पाण्याखाली आडवं पोहायला हेच चांगलं, हल्ली सगळे हेच घेतात, असं तो म्हणाला. नातीलाही ते आवडलेलं दिसलं. पिशवीच्या बाहेरून रबरी दोऱ्या गुंफलेल्या होत्या. मी त्या बोटाने उचलून पाहिल्या. आमच्या धरणाच्या तळाला बुडालेली झाडं आहेत, त्यांच्या फांद्या अशा दोऱ्यांतच अडकतात.

मग मी त्याला विचारलं, "माणूस दमून वर आला. हातपाय हलवायचं बळ नाय. तर हे त्याचं तोंड कुठं ठेवतं?"

तो म्हणाला, हवा पाठीमागे असल्यामुळे थोडं पुढे झुकवतं. सवय झाली की काही वाटत नाही.

"सवयीचं नाय विचारलं. दमलेल्याचं विचारलं."

"मग हे दुसरं," तो म्हणाला आणि त्याने ते पाठीचं बाजूला केलं.

दुसऱ्यात पिशवी दोन्ही कुशीतून पुढे येत होती. ते माणसाला उभं धरतं, पाठीवर रेलवतं, तोंड आभाळाकडे. नातीने घातलं. त्याने पूर्ण हवा भरली, जाकीट फुगलं. मी तिच्या छातीवरच्या पट्टीखाली दोन बोटं घातली, ती गेली. तिला पोटभर श्वास घ्यायला लावला. हात वर करायला लावले, वाकायला लावलं, खाली बसवलं. मग दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून जाकीट वर ओढलं, जितका जोर आहे तितका. ते चार बोटं सोडा, एक बोटही वर गेलं नाही. तिला हवा सोडायच्या दोऱ्या डोळे मिटून शोधायला सांगितल्या. एक खांद्याला, एक खाली मागे. तिसऱ्या वेळेला तिला न चाचपडता सापडल्या. आमच्या धरणात हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही, गाळ असतो.

"हे घ्या," मी दिराला म्हटलं.

दीर इतका वेळ स्टुलावर बसून होता. त्याने दुकानदाराला विचारलं की हे किती वजन उचलतं. दुकानदाराने सांगितलं. पहिल्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. दीर म्हणाला, मग त्याच्यात दुसऱ्याला कसं आणायचं? दुकानदाराने तेच सांगितलं जे नातीने मला जेवताना सांगितलं होतं. बाहेरच्या माणसाकडून आल्यामुळे दिराने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण हे आमच्यातल्या कुणालाच व्हायचं नाय."

"तुमच्यातल्या कुणी परीक्षा दिली?" मी विचारलं.

"दिली नाय."

"मग तुमाला कशाला व्हायला पायजे?"

नात दुसरीकडे बघत होती. दिराने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. तो चाळीस वर्षं बुड्या मारतोय. माझ्या मुलाला त्याने वर आणलं तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि त्याने काही बदलत नव्हतं. बिल झालं. मढ्याची वेगळी पिशवी, पिवळी, पट्ट्या लावलेली, तीही त्यातच आली.

परत येताना टेंपो दुसराच माणूस चालवत होता. दीर माझ्या शेजारी, मांडीवर ती पिवळी पिशवी घेऊन. खोपोली फाटा मागे पडला. मग म्हणाला, "म्हणजे आता आमी काठावर."

"व्हय."

"काठावर बसून काय करायचं?"

"दोरी धरायची. ती तिला कुठं येते धरायला?"

तो पिशवीची बकलं लावून काढून बघत राहिला. घरी पोचेपर्यंत त्याला ती न बघता लावता यायला लागली होती.

जाकीट लहान करायचं काम माझ्याकडून गेलं, पण थोडं शिवण राहिलं. पट्ट्यांची लोंबणारी टोकं मी दुमडून जाड दोऱ्याने शिवली, म्हणजे कशात अडकायला टोक राहिलं नाही. हे सगळं पट्टीवर, पिशवीपासून लांब. समोरच्या दोन शोभेच्या कड्या कापून टाकल्या. नातीकडे जाळी कापायची सुरी होती, ती पोटरीला बांधायची. मालवणला तसंच शिकवतात म्हणाली. मी म्हटलं, पाय गुंतला तर? ती म्हणाली, हात असतात ना. मी तिला तिच्या बापाचा हात जाळ्यात कसा गुंतला होता ते सांगितलं. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.  मग तिने सुरी माझ्या हातात दिली. मी कमरेच्या पट्ट्यावर मधोमध सुरीचा कप्पा शिवला, कुठल्याही एका हाताने पोचेल असा. उजव्याने दहा वेळा, डाव्याने दहा वेळा काढायला लावली. काम चोख झालं. मी चष्मा काढून ठेवला आणि मला कळलं की मी तिला जायला तयार करून दिली आहे.

फोन आला तो मार्गशीर्षात. खालापूरच्याच बाजूला, दुसऱ्या एका धरणात, कॉलेजचा एक मुलगा. माणूस काढायला निघालेल्याला आमच्यात कुठे चाललास असं विचारत नाहीत, आणि ये म्हणूनही सांगत नाहीत. नातीने सामान टेंपोत टाकलं. मी दारात उभी राहिले नाही. सून घरी होती, ती मागच्या दाराने नदीवर कपडे घेऊन गेली. खोपोलीच्या गटातला एक पाणबुड्या नातीच्या जोडीला उतरणार होता, त्याचं सामान त्याचं स्वतःचं.

मला एका मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाउज द्यायचा होता. मी बाह्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. घड्याळाकडे बघितलं नाही. दिराचा फोन आला तेव्हा मी तो उचलला. तो म्हणाला, "वैनी, आली वर." आणि फोन ठेवला.

ऊन उतरताना ती घरी आली. तिकडेच आंघोळ करून आली होती. चहा दिला, प्यायली. मग सांगायला लागली. मुलगा तळाला एका झाडाशी होता. दोघांनी मिळून त्याला पिवळी पिशवी बांधली, हवा सोडली. पण एक पट्टा नीट बसला नव्हता. पिशवी जरा वर गेली आणि मुलगा तिच्यातून निसटून खाली आला, आणि मोकळी पिशवी जी सुटली ती एकदम वर. काठावर आबा आणि सगळे ती वर उडालेली बघून ओरडले. नात मात्र जिथे होती तिथेच होती. तिच्या जाकिटाला काहीच झालं नाही. आबाने पिशवी नव्या दोरीला लावून परत खाली सोडली आणि दुसऱ्या वेळेला काम झालं.

"आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय. पट्टा बघितला, आणि म्हणाले की पुढच्या वेळंला मी स्वतः लावून देईन."

सून दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने मधेच विचारलं, त्या मुलाची आई आली होती का. नात म्हणाली, आली होती. मग सून आत गेली.

नात बराच वेळ कपाची कड बोटाने पुसत बसली.

"आजे, मला काय वाटलंच नाय," ती म्हणाली. "हातात धरला, तोंड दिसलं, तरी काय नाय. मला वाटलं होतं रडू येईल. असं असतं का?"

"असतं."

"मग कधी वाटतं?"

"ते मला ठाऊक नाय," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. जाकीट आतून धुवायचं राहिलं होतं. ते कसं धुतात ते तिने मला दाखवलं. नळीच्या तोंडातून स्वच्छ पाणी आत ओतायचं, जाकीट हलवायचं, मग उलटं धरून खालच्या झडपेतून पाणी काढायचं. एका माणसाचं काम नाही ते. ती धरून होती, मी ओतत होते. पहिलं पाणी गढूळ आलं, दुसरंही. तिसऱ्या वेळेला मी तांब्या भरून आणला.